मी पुसलेले हुंकार

न्यायालयात लघुलेखकाची नोकरी करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. तो फक्त उत्तरं ऐकतो. वकील विचारतो, "त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठं होता?" साक्षीदार म्हणतो, "वावरात." कागदावर मात्र उतरतं, 'त्या दिवशी सकाळी मी माझ्या शेतात होतो.' प्रश्न गळाला, विचारणारा गळाला, उरली ती साक्ष. आधी अमरावतीला आणि मग अकोल्याला मी सगळी नोकरी हेच केलं. माझ्या हातच्या साक्षीत एक फालतू शब्द सापडत नसे, आणि याचा मला गर्व होता. होता कशाला म्हणू, अजूनही थोडा आहेच.

निवृत्तीनंतर अकोल्यातच राहिलो. सहा महिने वर्तमानपत्र पाठ होईस्तोवर वाचलं आणि बायकोच्या प्रत्येक कामात चुका काढल्या. शेवटी तिनंच हात जोडून मला गावातल्या एका इतिहास मंडळात धाडलं. मंडळ म्हणजे एका वाचनालयाच्या माडीवरची खोली. दोन कपाटं, एक संगणक आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जमणारी आठ-दहा माणसं. कोणी प्राध्यापक, कोणी औषधाच्या दुकानवाला, कोणी नुसताच हौशी. वेळेवर येणारा मी एकटाच, म्हणून स्वयंसेवकांना सांभाळण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम मोठं चांगलं होतं. वऱ्हाडातले जे धंदे मोडले किंवा मोडत आले, त्यांत जन्म घालवलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि मंडळात आणून द्यायचं. स्वयंसेवक मिळाले नऊ. त्यांच्यासाठी मी नियमांचा कागद तयार केला. पहिलाच नियम असा, की समोरचा माणूस बोलत असताना आपण तोंड उघडायचं नाही. हं नाही, हो नाही, अरे वा नाही. आणि शेवटचा नियम, रेकॉर्डिंग मंडळाच्या संगणकावर चढलं की आपल्या मोबाइलमधून पुसून टाकायचं, म्हणजे दोन-दोन प्रतींचा घोळ नको. हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी प्रत्येकाच्या हातात दिला. एसटीनं धक्के खात आलेल्या माणसांना पाणी तरी विचारावं, हे मात्र मला सुचलं नाही.

ती आली तीही अशाच एका रविवारी. हिवरखेडची, चाळिशीची, घरची भाजीची आणि झेंडूची बागायत करणारी. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, पिशवी पोटाशी धरली आणि उंबरठ्यावरूनच म्हणाली, "तुमी जुन्या गोष्टी गोया करून राहिले म्हणते. आमच्या आत्याजवळ लय हायेत. पानमळ्याच्या."

त्या भागात एके काळी विड्याच्या पानांचे पुष्कळ मळे होते. आता शोधावे लागतात. तिची आत्या तरुणपणी सासर सोडून भावाकडे परत आलेली आणि मग सारा जन्म त्याच्या पानमळ्यात राबलेली. या भाचीची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा तिला वाढवलं तेही आत्यानंच. पानमळा माहीत असलेली बाई आणि तिच्याशी रोज बोलणारी स्वयंसेविका, याहून आणखी काय पाहिजे? मी खूश झालो. कागद तिच्या हातात दिला आणि दोनदा वाचून दाखवला.

पंधरा दिवसांनी तिनं पहिलं रेकॉर्डिंग आणून दिलं. बावन्न मिनिटांचं. मी कानाला हेडफोन लावून बसलो आणि दोन मिनिटांत माझं डोकं तापलं. आत्याचा आवाज खणखणीत होता, सांगत होती तेही अस्सल होतं. पण दर वाक्यामागून भाचीची शेपटी. "हं." "मंग?" "हो का व!" "अजी बाप्पा!" मध्येच दोघी हसायच्या, आणि कशाला हसल्या ते बाहेरच्या माणसाला कळायला काही मार्ग नाही.

पुढच्या बैठकीत मी ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मला धडा द्यायचा होता. दहा मिनिटांत तिचे किती 'हं' आले ते मी बोटांवर मोजून दाखवले. औषधाच्या दुकानवाले गृहस्थ हसले, मग आणखी दोघं हसले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"पहिला नियम काय आहे?" मी विचारलं.

"चूप राहाचं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पन काकाजी, मी हं नाई म्हनलं तं ते सांगन काहून? कोनी आयकून राह्यलं असं वाटलं पाहिजे ना तिले."

"ऐकायला मोबाइल आहे," मी म्हणालो. हे वाक्य तेव्हा मला फार चपखल वाटलं होतं.

ती गुणाची बाई. पुन्हा गेली, नियमाप्रमाणं तोंड मिटून बसली आणि दुसरं रेकॉर्डिंग आणलं. ते सहा मिनिटांचं भरलं. सुरुवातीला आत्या चार वाक्यं बोलते. मग थांबते. मग म्हणते, "आयकून राहिली का झोपली व?" उत्तर नाही. आणखी दोन वाक्यं. मग, "जाऊ दे माय, तुले काम असन." आणि खाट करकरल्याचा आवाज. मी वहीत शेरा मारला, 'वयोमानानुसार थकवा.' बाकीच्या स्वयंसेवकांची रेकॉर्डिंगंसुद्धा अशीच आखूड आणि कोरडी येत होती. कुठं पाच मिनिटं, कुठं सात. नऊपैकी चार जण एव्हाना यायचे बंदही झाले होते. माणसांमध्ये चिकाटी राहिली नाही, असं मी बायकोला सांगत असे.

थंडी संपता संपता तिची आत्या वारली. मंडळाच्या ग्रुपवर तिनंच कळवलं. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि माझ्या परीनं कर्तव्य संपलं. एक फोन करावा, हे मनात आलं होतं. पण तेव्हा वार्षिक कार्यक्रमाची गडबड सुरू होती.

त्या कार्यक्रमात पानमळ्याचं रेकॉर्डिंग वाजवायचं ठरलं. आमच्याकडे होतं त्यांत तेच सगळ्यांत चांगलं, म्हणजे पहिलं, बावन्न मिनिटांचं. आता ते लोकांसमोर असं गबाळं कसं लावायचं? लग्नाच्या व्हिडिओचं काम करणाऱ्या एका दुकानदाराकडे मी ते घेऊन गेलो आणि म्हणालो, म्हातारीचा आवाज ठेवा, दुसऱ्या बाईचा पुसा. त्यानं दोन दिवसांत करून दिलं. जिथं जिथं भाचीचा आवाज होता तिथं आता शांतता होती.

"लय सोपं काम होतं काका," तो म्हणाला. "ते बाई एकडावही मधात नाई बोलली. म्हातारीचं वाक्य संपलं का मंगच."

मी हे ऐकलं, मान हलवली आणि घरी आलो. नवी फाइल संगणकावर चढवली आणि जुनी पुसली. दोन प्रतींचा घोळ नको.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. ती जीप करून आली. भाऊ, भावजय, चुलत्या, शेजारपाजारच्या बायका, सगळी मिळून तेरा-चौदा माणसं. दुसऱ्याच रांगेत बसली. नवं लुगडं नेसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला ती कानात सांगत होती, "आता आत्या बोलन, अन् मंग मी." पाहुण्यांना गुच्छ दिले, अध्यक्षांना शाल दिली. स्वयंसेवकांसाठी आम्ही काहीच आणलं नव्हतं. त्यांची नावंसुद्धा घ्यायची राहून गेली. मीच सूत्रसंचालन करत होतो, त्यामुळे हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

मग रेकॉर्डिंगची पहिली आठ मिनिटं वाजवली. "आमच्या मळ्यात कोनी चप्पल घालून जात नव्हतं," आत्याचा आवाज सभागृहात घुमला. आणि शांतता. "पाटील असो का तहसीलदार असो, चप्पल बाहेर." पुन्हा शांतता. तिसऱ्या खेपेला ध्वनिक्षेपकवाला उठला आणि वायर हलवून पाहू लागला. चौथ्या खेपेला मागून कोणीतरी म्हणालं, "माइक गेला." आत्या बोलायची, थांबायची, कोणाची तरी वाट पाहायची, मग पुन्हा बोलायची. पाहुणे घड्याळ पाहत होते. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. म्हातारी बाई तिला काहीतरी विचारत होती आणि ती नुसती समोर पाहत होती.

टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आभार मानायला येते आहे.

"काकाजी, मी कुठी गेली?"

मी म्हणालो, आवाज स्वच्छ करून घेतला, लोकांना नीट ऐकू यावं म्हणून.

"हो, ते समजलं मले," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, हेच अवघड होतं. "लोकायले आयकवाले बरोबर असन ते. पन मले पयलंवालं पाहिजे. आत्या माह्यासोबत बोलली ते. माह्या मोबाइलात नाई आता, तुमी पुसा म्हनलं होतं. आमी दोघी बोलून राह्यलो असं तेवढं एकच हाये माह्याजवळ."

"देतो," मी म्हणालो. "दोन दिवसांत देतो."

जुनी फाइल मीच पुसली होती, तरी तोंडातून निघालं ते हेच.

पुढचे तीन आठवडे मी त्या फाइलीमागं होतो. दुकानदाराकडे गेलो. त्यानं डोकं खाजवत सांगितलं, "काका, तुमीच म्हनलं होतं का जुनं ठेवू नको." संगणक दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला माडीवर आणलं. तो तासभर बसला, दोनदा चहा प्याला आणि म्हणाला, पुसलेल्या जागेवर कार्यक्रमाचे फोटो चढवले गेले आहेत, आता काही निघत नाही. मग एकेका स्वयंसेवकाला फोन केला, कोणाकडे चुकून एखादी प्रत गेली असेल तर बघा म्हणून. कोणाकडेच नव्हती. माझा शेवटचा नियम सगळ्यांनी अगदी काटेकोर पाळला होता. येणं बंद केलेल्या चौघांनाही मी त्या निमित्तानं प्रथमच फोन केला. त्यांतली एक शिक्षिका म्हणाली, "सर, तुम्ही फोन केला, बरं वाटलं. मला वाटलं होतं मंडळाला आमची गरज नाही." मला लाज वाटली, आणि ती लगेच जाणारी लाज नव्हती.

तिचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं, शोधणं चालू आहे. दुसऱ्या फोननंतर बायको म्हणाली, "तिले समजत नसन का? जाऊन सांगा एकदाचं. कोर्टात लोकायले शपथा घेताना पायत आले जन्मभर, अन् सोता फोनवर असं बोलता."

एका सोमवारी सकाळी मी तेल्हाऱ्याची एसटी पकडली आणि तिथून पुढं हिवरखेड. सोबत पेन ड्राइव्ह घेतला आणि मोबाइलमध्येही ते साफ केलेलं रेकॉर्डिंग भरून घेतलं. कशासाठी, ते तेव्हा माझं मलाच सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं जावं वाटेना, एवढंच.

ती मळ्यात होती. विहिरीजवळच्या निंबाखाली पोतं अंथरून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. मला पाहून उठली, पाणी आणलं, मग भावाला हाक मारून चहा मांडायला सांगितला. मी तिच्या दारात आलो आणि पहिल्या पाच मिनिटांत मला पाणी, सावली आणि बसायला जागा मिळाली. आमच्या माडीवर ती पाचदा आली होती.

मी सरळ सांगितलं. मूळ रेकॉर्डिंग गेलं. मीच पुसलं. परत मिळणार नाही. फोनवर बोललो ते खोटं होतं.

तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली, टोपलीत ठेवली, दुसरी घेतली. सांभाराचा वास आमच्या दोघांच्या मध्ये भरून राहिला होता. मग तिचे डोळे भरले आणि तिनं ते लपवले नाहीत. हाताच्या मागच्या बाजूनं पुसले.

"सारंच गेलं?"

"तुझा आवाज गेला. आत्याचा आहे."

"आनलं हाये?"

मी मोबाइल काढला आणि पोत्यावर आमच्या मध्ये ठेवला. सुरू केलं.

"आमच्या मळ्यात कोनी चप्पल घालून जात नव्हतं."

शांतता. मी मान खाली घातली. ती जुडी बांधत होती. दुसऱ्या वाक्यानंतरही शांतताच होती. तिसऱ्या वाक्यानंतर तिनं मान वर न करता म्हटलं, "हं."

पानवेल ज्या झाडांवर चढवतात त्या शेवरीवर आत्या आली. "शेवरीच्या सावलीत असा गारवा राहे का उन्हाळा समजे नाई."

"मंग?"

"मंग काय, वेल वाढून वाढून शेवरीच्या डोक्यावर जाये. तवा त्याले खाली उतरवा लागे."

"काहून व आत्या?"

"म्हातारा होते ना तो! खाली घेतला, मातीत दाबला, का पुन्हा जवान."

आत्या मोबाइलमध्ये हसली आणि ही इकडे हसली. एकही जागा चुकली नाही. मी जी शांतता पैसे देऊन करवून घेतली होती, ती नेमकी तिच्या शब्दांच्या मापाची होती. हुंकार पडला की आत्या पुढचं सांगायची. पंचवीस मिनिटं, तीस मिनिटं. भावानं चहा आणून ठेवला, तोही उभा राहून ऐकू लागला. सभागृहात अडखळत, थांबत, वाट पाहत बोलणारी बाई ही नव्हतीच. मला माझ्या वहीतला 'वयोमानानुसार थकवा' हा शेरा आठवला आणि स्वतःचा भयंकर राग आला.

चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास आत्या पानांच्या टोपल्यांबद्दल सांगत होती. पानं कशी लावायची, वर ओलं फडकं कसं टाकायचं. आणि मध्येच तिचा आवाज बदलला.

"तुह्या मायचं झालं त्या सालची गोष्ट. तुले घरी कोनाजवळ ठेवू? मी तुले मळ्यात आने अन् रिकाम्या टोपल्यात निजवे. वरून पानं पांघरून दे. तुले आठोते का व?"

हे रेकॉर्डिंग मी दोनदा पूर्ण ऐकलं होतं. हा प्रश्न त्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. मी उत्तरं ऐकणारा माणूस, आणि हा प्रश्न साक्षीदारानं विचारला होता.

शांतता जेमतेम एका श्वासाची होती. तेवढ्यात ती काही बोलली नाही आणि आत्या पुढं टोपल्यांकडे वळली. भाचीनं हात लांब करून मोबाइल थांबवला. बोटाला माती होती, काचेवर डाग पडला.

"तवा मी निस्तं 'हो' म्हनलं होतं," ती म्हणाली. "काकाजी, मले तुमच्या त्या कागदाची आठवन होती. जास्त बोलाचं नाई म्हनून. लय सांगाचं होतं मले तिले. मनात म्हनलं, नंतर सांगू, हे बंद झाल्यावर. मंग भाकरीची वेळ झाली."

'हं' मोजून दाखवताना मी तिचे किती 'हं' जास्त झाले ते मोजले होते; तिनं गिळलेलं काही मोजलं नव्हतं.

"आता सांगतो तिले," ती म्हणाली, आणि थांबलेल्या मोबाइलकडे पाहून बोलू लागली. "आठोते ना आत्या. पानं गार लागे. अन् तू काम करता करता गाणं म्हने, ते बंद झालं का मले भेव वाटे. मी पानं बाजूले करून पाये तू हाये का म्हनून."

इथं ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. भाऊ चहाचे कप घेऊन घराकडे गेला होता, तिथं ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. ती कशाची वाट पाहते आहे, हे कळायला मला अंमळ वेळच लागला.

"हं," मी म्हणालो. "मग?"

"मंग तू दिसली का मी पुन्हा निजे," ती म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.